साहेबांच्या समोरची खुर्ची

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की लोकांना लगेच शिसवी लाकूड, नक्षीकाम वगैरे आठवतं. तसलं माझ्यात काही नाही. काळ्या जाळीची पाठ, प्लास्टिकचे हात आणि पाच चाकं, त्यातलं एक कायमचं रुसलेलं. पण एका कॉम्प्युटर कंपनीतल्या माणसांची जितकी धडधड मी मांडीवर घेतली आहे, तितकी दुसऱ्या कुणी घेतली नसेल.

माझा जन्म कारखान्यातला. जाळी एकीकडून आली, चाकं दुसरीकडून आणि दट्ट्या तिसरीकडून. दट्ट्या म्हणजे माझ्या बसकणीखालचा चकचकीत खांब. त्याच्या आत कोंडलेल्या हवेच्या जोरावर मी वर-खाली होते. शेवटच्या टेबलापाशी एक बाई असायच्या. प्रत्येक नव्या खुर्चीवर त्या धपकन बसायच्या, एक गिरकी घ्यायच्या आणि "चल, पास!" म्हणून तिला पुढे ढकलायच्या. मी पहिल्या फटक्यात पास झाले. पुढे मी ज्या परीक्षा पाहिल्या त्या माणसांच्या होत्या, आणि त्यात पास व्हायला नक्की काय लागतं हे कुणालाच धड सांगितलेलं नसायचं.

कंपनी तेव्हा टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत होती. माझ्यावर बसायची ती थोरली. वयाने ती काही फार मोठी नव्हती, पण सगळ्यांच्या आधी आलेली, म्हणून थोरली. कुठलं औषध संपत आलं आहे हे दवाखान्यांना आधीच कळवणारा प्रोग्राम तिने माझ्यावर बसून लिहिला. पहिल्या दवाखान्याने तो घेतला त्या दिवशी कंपनीच्या मालकांनी, म्हणजे साहेबांनी, आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली होती. तेव्हा ते बाह्या दुमडून, सगळ्यांच्या डब्यात हात घालून जेवायचे. मला त्या थापेचा फार अभिमान वाटला. थाप खरं तर थोरलीच्या पाठीवर पडायला हवी होती, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं.

कंपनी वाढली, नवी इमारत झाली. डोकं टेकायची सोय असलेल्या ऐटबाज खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी काचेच्या खोलीत झाली. वर्षातून एकदा प्रत्येकाने या खोलीत साहेबांसमोर बसायचं, पगार आणि बढतीचं बोलायचं. टेबलाच्या पलीकडे साहेबांची उंच खुर्ची, अलीकडे मी.

एव्हाना माझा दट्ट्या निकामी व्हायला लागला होता. माणूस बसला की मी खाली सरकायची, अगदी कळणार नाही इतकी हळू. घरून सगळं घोकून आलेला माणूस तावातावाने सुरुवात करायचा आणि मुद्द्यावर येईपर्यंत त्याची हनुवटी टेबलाच्या कडेशी आलेली असायची. मग जरा उठून बसकणीखालचा दांडा ओढा, मी टुणकन वर, तो ओशाळून हसणार. "हां, तर मी काय सांगत होतो?" ते काही केल्या आठवायचं नाही. साहेब मायेने म्हणायचे, "असू दे रे. आपण सगळे घरचेच. पुढच्या वर्षी बघू."

एकदा डागडुजीवाले मला न्यायला आले होते. साहेब म्हणाले, "राहू दे हो. कामापुरती ठीक आहे." मला वाटलं, जुन्या दिवसांची आठवण म्हणून ठेवतायत. भरून आलं मला. मग लक्षात आलं की साहेब आधी ऊनपावसाच्या गप्पा मारतात, समोरच्याचा खांदा किती खाली गेला ते बघतात आणि मगच मुद्द्याला हात घालतात. माझ्या आजारपणाचा त्यांनी असा उपयोग करून घेतला होता. मला इतका संताप आला, मित्रांनो! पण खुर्चीचा संताप कोण विचारतो?

त्या वर्षी थोरलीच्या गटाचे प्रमुख नोकरी सोडून गेले. ती जागा तिला देऊ असं साहेबांनी आदल्या वर्षी, माझ्यासमोर, अर्धवट कबूल केलं होतं. पण बाहेरून एक तरुण आणला गेला. कुणाचा नातलग नसूनही त्याचे इतके लाड होत की सगळे त्याला जावईबापू म्हणत. काम शिकवायची जबाबदारी कुणावर? थोरलीवर. ज्याला शिकवायचं त्याच्याच हाताखाली उद्या उभं राहायचं, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. त्यातून नवऱ्याची नोकरी गेलेली, घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं.

साहेबांसमोर बसायची तिची वेळ यायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ती काचेच्या खोलीत आली. हातात पिशवी, मागे हॅलोराव. गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन दिवसभर हाच घ्यायचा, म्हणून हे नाव. त्याचा पगार कित्येक वर्षं हललेला नव्हता.

"ताई, काय चाललंय काय तुझं?"

"बस या खुर्चीवर. उठायचं नाही मी सांगेपर्यंत."

तो बसला. ती जमिनीवर मांडी घालून माझ्या दट्ट्याकडे टक लावून बघत राहिली. मी खाली सरकले, सरकले, टेकले.

"प्रोग्राममध्ये बग आला की आपण आधी काय करतो?" तिने विचारलं.

"तो पुन्हा होतोय का ते बघतो."

"झाला पुन्हा. आता मला सांग, मागच्या वेळी तू बोलता बोलता गप्प का झालास?"

हॅलोराव हसायला लागला आणि मधेच थांबला. "च्यायला," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच घाबरट आहे."

तिने त्याला उठवलं, दांडा ओढून मला पूर्ण वर आणलं आणि आडवं केलं. पिशवीतून उभा चिरलेला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा काढला, दट्ट्याभोवती बसवला आणि वरून लोखंडी क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने आवळली. आता खाली सरकायला जागाच उरली नाही.

"उद्या नाही म्हणाले तर?" हॅलोरावने विचारलं.

"म्हणू देत. पण का नाही, ते ऐकल्याशिवाय मी उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी ती बसली. साहेबांनी ऊन काढलं, रस्त्यावरची गर्दी काढली, तिच्या मुलीची शाळा काढली. मधूनमधून नजर तिच्या खांद्याकडे. खांदा होता तिथेच. साहेब पाणी प्यायले. पुन्हा रस्त्यावरची गर्दी काढली.

"खुर्ची ठीक आहे ना?" शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"ठीक आहे. मी दुरुस्त केली."

तेवढ्यात माझ्या पोटाखाली टक् असा आवाज झाला. पाइप जरासा घसरला होता! माझा जीव टांगणीला लागला. आता खाली गेले तर हिचं सगळं मुसळ केरात. थोरलीने माझे हात घट्ट धरले. तिचे तळवे घामाने ओले होते, हे फक्त मला ठाऊक. क्लिपने पाइप धरून ठेवला आणि तो तिथेच थांबला.

"प्रमुखांची जागा मला का नाही, साहेब?"

"अगं, तसं नाही. तुझ्याइतकं ते काम कुणाला येतं? तुला तिथून हलवलं तर ते कोण करणार?"

"म्हणजे मी काम चांगलं करते, म्हणून मला वर जाता येणार नाही."

"असा अर्थ काढू नकोस."

"मग कसा काढू? सांगा तुम्ही."

साहेबांनी पेन उचललं, खाली ठेवलं. "एक वर्ष कळ काढ. पुढच्या वेळी नक्की."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात. मी अर्धी टेबलाखाली गेले होते, म्हणून पुढचं विचारायचं राहून गेलं." तिचा आवाज कापत होता, तरी तिने वाक्य पुरं केलं. "मी नोकरी सोडते आहे. जावईबापूंना सगळं नीट समजावून देईन आणि मगच जाईन."

ती उठली.

"खाली जे काय लावलंयस ते काढून टाक आधी," साहेब म्हणाले.

"नाही. माझ्यानंतर हॅलोरावची पाळी आहे."

दार लागलं. साहेब उठून टेबलाला वळसा घालून आले, जमिनीवर गुडघे टेकले आणि नखाने क्लिपचा स्क्रू फिरवायला लागले. नख तुटलं. स्क्रू तसूभर हलला नाही. त्यांनी मान वर केली, तर काचेपलीकडे हॅलोराव उभा. त्याच्या मागे अजून चारसहा जण. सगळे बघत होते.

साहेब उठले. गुडघे झटकले. आपल्या जागी जाऊन बसले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "ये. बस."

हॅलोराव बसला. बोलताना तो दोनदा अडखळला, पण विसरला काही नाही. त्याला मागितलेलं सगळं मिळालं नाही. त्याच्यामागून आलेल्यांनाही नाही. पण "पुढच्या वर्षी बघू" एवढ्यावर त्या आठवड्यात कुणी उठलं नाही.

थोरली जायच्या दिवशी येऊन माझी क्लिप आणखी एक फेरा आवळून गेली. काय करते आता, कुठे आहे, मला माहीत नाही. तिच्यासारखं हलक्या हाताने माझ्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. मला तिची आठवण येते.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. खुर्ची बिघडली तर तिच्याकडे वेळेवर बघा, आणि त्याआधी तिच्यावर बसणाऱ्याकडे बघा. तो गप्प झाला म्हणजे त्याला सांगायचं काही नव्हतं असं समजू नका. तुम्हीही मोठे व्हाल, टेबलाच्या पलीकडच्या उंच खुर्चीत बसाल. तेव्हा समोरच्याला बोलवायच्या आधी एकदा उठून अलीकडे या आणि त्याच्या खुर्चीत घटकाभर बसून बघा. साहेब इतकी वर्षं माझ्यासमोर बसले. माझ्यावर एकदाही बसले नाहीत.