वाफ धरलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. तोंड बघायचा नव्हे, घसा बघायचा. लांब दांडी आणि टोकाला बटणाएवढी गोल काच, एवढाच माझा थाट. तीस वर्षं मी घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नोकरी केली. हजारो घसे पाहिले. एका आजोबांची तर कवळीच माझ्यावर पडली. तरी माझी मान ताठ होती. मग कवायतीचे सर आले आणि ती खाली गेली.

माझी एक खोड आहे. गार असलो की तोंडातल्या वाफेने मी आंधळा होतो. म्हणून बाई मला आधी दिव्यावर शेकतात. त्या दिवशी दिव्यातलं स्पिरिट संपलं होतं आणि बाहेर बावीस पेशंट.

"चालेल आज तसंच," बाई म्हणाल्या.

सर गळ्याला मफलर गुंडाळून आलेले. आवाज फाटक्या भात्यासारखा, नुसती हवा. बाईंनी जीभ धरली. "ई म्हणा."

सरांनी "हीऽऽ" केलं आणि मी धुक्यात! एक स्वरतंतू हलताना दिसला. दुसराही हलत असेल, असं बाईंनी गृहीत धरलं.

"घसा बसलाय. गुळण्या करा."

"अहो, पण पाणी पितानाही ठसका लागतो यांना," सोबत आलेल्या सरांच्या बायकोने सांगितलं.

"घाईत पीत असतील."

आठवड्याने दोघं परत आले. सरांच्या बायकोने सगळं सांगितलं. रजेवरून परतल्यावर मैदानावर सरांचं "पुढे चल" कसंबसं निघालं. "थांब" निघालंच नाही. शिट्टी सरांनी जन्मात वापरली नव्हती, त्यात त्यांना कमीपणा वाटायचा. मुलं शिस्तीची. मैदान संपलं, व्हरांडा संपला, साठ मुलं मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत टेबलाभोवती पाय आपटत उभी!

"थांबा!" त्या ओरडल्या.

"सरांचा हुकूम नाही, बाई," पुढची मुलगी म्हणाली.

महिन्याभरात आवाज आला नाही तर मैदान दुसऱ्याच्या हाती, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बजावलं होतं.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सरांनी घाम पुसायला मफलर सोडला आणि हसू थांबलं. मानेवर ताजा व्रण.

"हे कधी?"

"गाठ काढली. दोन महिने झाले. आवाज तेव्हाच गेला."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही घशाचं विचारलंत," सर कुजबुजले. "मानेचं कुठे विचारलंत?"

नाकातून बारीक कॅमेरा गेला. डावा तंतू लुळा पडला होता, उजवा एकटाच धावत होता. ऑपरेशनमध्ये नस दुखावली होती.

"माझं चुकलं, सर," बाई म्हणाल्या. "नस काही महिन्यांत आपोआप सुधारेलही. तोवर हनुवटी खाली घेऊन घोट घ्या, आवाजाचे व्यायाम शिका. लुळ्या तंतूत इंजेक्शन देऊ. तो फुगून मध्ये सरकेल, मग दुसरा त्याला टेकेल."

मी ट्रेमध्ये पालथा पडून ऐकत होतो. माफी बाईंनी मागितली. धुकं माझं होतं.

इंजेक्शन झालं, आणि महिना भरायला दोन दिवस असताना सर दारात उभे राहिले आणि गरजले, "सावधान!" आवाज जरा खरखरीत, पण बाहेरचे सगळे पेशंट ताडकन उभे. बाईसुद्धा.

"अहो, आता विश्राम म्हणा की!" बायको म्हणाली. सरांनी म्हटलं, तेव्हा सगळे हसत बसले.

मित्रांनो, आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर नीट दाखवून घ्या. ऑपरेशन झालं असेल तर न विचारता सांगा. आणि कधी मला हातात घेतलंत तर आधी शेका, बावीस पेशंट असले तरी.

त्या दिवशी ट्रेमध्ये मीही सावधान झालो होतो. सरांचा "विश्राम" मलाही ऐकू आला. पण तो माझ्यासाठी होता, असं मला अजून वाटत नाही.