अठरा इंचांच्या खोबणीतलं कपाट

मित्रांनो, मी भिंतीत बसवलेलं कपाट आहे. सुटं कपाट निदान घर बदललं की टेम्पोत चढून चार रस्ते तरी बघून येतं. माझ्या नशिबी तेही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका झोपायच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीकडे पाठ करून मी सव्वीस वर्षं उभा आहे. बसायचं कसं असतं ते मला ठाऊक नाही. पण दमणं म्हणजे काय, हे मी या घरात फार जवळून पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर आता मीही दमलो आहे.

माझा जन्म व्हायच्या आधी इथे नुसती खोबण होती. इमारतीचा एक जाडजूड खांब खोलीत पुढे आला होता. त्याच्या आणि बाजूच्या भिंतीच्या मध्ये उरलेली ती जागा. सव्वापाच फूट रुंद आणि जेमतेम अठरा इंच खोल. एखादी वस्तू कुठे ठेवावी ते कुणाला सुचलं नाही की ती तिथे ठेवायची, अशी तिची ख्याती होती. एक पत्र्याची पेटी, मोडकी घडीची खाट आणि गाद्यांचा ढीग तिथे वर्षानुवर्षं पडून होता.

घरात तीन माणसं. लेक त्या दोघांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो. बाबा पावाच्या भट्टीत कामाला होते. उजाडायच्या आधी घर सोडायचे. गरम पत्रे ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. आई शाळेच्या कार्यालयात होती. लेक तेव्हा सात वर्षांची.

एके दिवशी आईने कपाटं आखून देणाऱ्या एका बाईंना बोलावलं. बाई उंच, कमी बोलणाऱ्या, कानावर पेन्सिल खोचलेली. त्यांच्याबरोबर मिस्त्री होते. बाईंनी आल्या आल्या टेप काढली आणि खोबणीची रुंदी मोजली. खाली एकदा, मध्ये एकदा, वर एकदा.

"एकदा मोजलं की झालं की," बाबा म्हणाले. "भिंत काय जागा सोडून जाते का?"

"जाते ना," बाई म्हणाल्या. "बघा, वर दीड इंच कमी आहे. तुमची भिंत झोपलीय."

"आमच्या घरात तेवढी एकच निवांत आहे," आई म्हणाली, आणि मिस्त्री खो खो हसले.

खरी अडचण होती ती अठरा इंचांच्या खोलीची. हँगरला टांगलेला शर्ट बावीस इंच जागा खातो. मिस्त्री म्हणाले, कपाट चार इंच पुढे काढू, काय बिघडतं? बाईंनी पलंग आणि खोबण यांच्या मधलं अंतर मोजलं, स्वतः तिथून अंग आडवं करून चालून पाहिलं, आणि मान हलवली. "रोज अंग चोरून चालायला लागेल यांना. कपडेच वळवू. दांडी आडवी नको, मागून पुढे लावू. शर्ट खोलीकडे तोंड करून राहतील."

मग त्यांनी बाबांना विचारलं, "हात वर करून दाखवता जरा?"

बाबांनी डावा हात सरळ वर नेला. उजवा खांद्यापाशी अडकला. ते ओशाळून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावरची दांडी खोडली आणि सात इंच खाली काढली. "अंधारात उठता ना? दिवा न लावता हाताला सापडलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. बाबांनी नंतर ही गोष्ट किती जणांना सांगितली त्याला गणती नाही. आपला दुखरा खांदा कुणी कागदावर मांडून घेतला, याचंच त्यांना अप्रूप वाटलं होतं.

मिस्त्रींनी मला अकरा दिवसांत उभं केलं. तीन कप्पे, तीन दारं. खांबाकडचा कप्पा आईचा, मधला लेकीचा आणि चादरींचा, आणि बाजूच्या भिंतीलगतचा बाबांचा. झोपलेल्या भिंतीशी माझी कड जुळावी म्हणून त्यांनी एक पट्टी तिच्या वळणाप्रमाणे रंध्याने तासली. इतकी बेमालूम, की फटीत बोटाचं नखही शिरत नव्हतं. माझ्या पाठीमागे मात्र बाईंनी मुद्दाम दोन बोटं जागा सोडायला लावली, आणि जमिनीलगतच्या तळपट्टीला सहा भोकं पाडायला सांगितली.

"ही बुजवू नका," जाताना त्या आईला म्हणाल्या. "बाहेरची भिंत ओल धरते. इथून वारा खेळला पाहिजे."

पुढची वर्षं माझ्या सुखाची होती. पाहुणे आले की आई त्यांना आधी मला दाखवायची आणि मग चहाला बसवायची. "हे तर भिंतीतच उगवल्यासारखं वाटतंय," असं एक आत्या म्हणाल्या होत्या. मी त्या कौतुकावर दोन वर्षं काढली. पहाटे बाबांचा हात अंधारात सरळ यायचा, शर्ट काढायचा आणि दार पुन्हा लागायचं. आईची झोप एकदाही मोडली नाही. परीक्षेचा निकाल लपवायचा असला की लेक माझ्या मधल्या कप्प्यात चादरींखाली सरकवायची. तिची सगळी गुपितं मला ठाऊक आहेत, पण मी कधी तोंड उघडलं नाही. म्हणजे तिनेच उघडलं तेव्हा उघडलं.

कौतुक जुनं होतं, मित्रांनो. एका वर्षी घरात झुरळं फार झाली. लेक तेव्हा कॉलेजात होती. तिने कागदाचे बोळे करून माझी सहा भोकं बुजवली आणि वरून चिकटपट्टी मारली. तिचा काही दोष नव्हता. बाई काय सांगून गेल्या ते तिला कुठून आठवणार? आईला आठवायला हवं होतं, पण त्या वर्षी शाळेत तिचं काम दुप्पट झालं होतं. पुढे तिथे जुन्या वह्यांचं खोकंही येऊन बसलं. माझ्या पाठीमागचा वारा थांबला. ओल हळूहळू चढत गेली आणि बाबांच्या कप्प्याचं दार फुगलं. आधी नुसतं करकरायचं. मग अडकायला लागलं. आई शेजारच्या दाराला पाय लावून ते ओढायची आणि म्हणायची, "मिस्त्रींना एकदा फोन करायला हवा." तो 'एकदा' पाच वर्षं आला नाही. शेवटी ते दार पूर्ण लावायचंच नाही, असं ठरून गेलं.

बाबा निवृत्त झाले. त्यानंतर तीनएक वर्षांनी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. मग एके सकाळी शर्टावर शर्ट आणि त्यावर आईचा स्वेटर घालून जेवायला येऊन बसले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं, की हे मागे फिरणारं नाही.

आईचे हाल मी रोज बघत होतो. बाबांना बंद दारामागे काय आहे ते कळेना. ते एकेक दार उघडून सगळे कपडे पलंगावर ओतायचे, आणि आई पुन्हा घड्या घालायची. दिवसातून चार वेळा, पाच वेळा. तिने माझ्या दारांवर कागद चिकटवले: शर्ट, विजार, मोजे. बाबांनी ते नीट सोलून काढले आणि घडी घालून खिशात ठेवले. आंघोळ, औषधं, जेवण, आणि 'मला कामाला उशीर होतोय' या एकाच वाक्याला दिवसभर उत्तरं. तिच्या नाकी नऊ आले होते. लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती. आठवड्यातून दोनदा यायची आणि जाताना रडायची. एकदा घड्या घालता घालता आईने माझ्या दारावर कपाळ टेकवलं आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, उभ्या उभ्याच हिला झोप लागली. लागलीच होती बहुतेक.

मग ती दुपार आली.

बाबा जेवून झोपले होते. आईने घराला बाहेरून कडी लावली आणि औषधं आणायला खाली गेली. ती जिना उतरली असेल-नसेल, तेवढ्यात बाबा उठले. माझ्या अर्धवट उघड्या दारापाशी आले, आत डोकावले आणि म्हणाले, "भट्टी गार पडेल." शर्ट बाजूला सारून ते आत शिरले. दाराला आतून एक खुंटी आहे. शहाण्या माणसासारखं त्यांनी ती धरून दार आपल्यामागे ओढून घेतलं. डाव्या हातात अजून भट्टीतली ताकद होती. कित्येक वर्षांत पूर्ण न लागलेलं ते फुगलेलं दार एका झटक्यात घट्ट बसलं.

त्यांनी ढकललं. दार हललं नाही. त्यांनी थापा मारल्या. "कुणी आहे का? अरे, पाव जळतील!" मग आवाज बारीक झाला. अंधारात ते माझ्या तळाशी अंग चोरून बसले. त्यांचा श्वास मला माझ्या फळ्यांवर जाणवत होता. हाताच्या अंतरावर वारा होता आणि माझी भोकं बुजलेली होती. त्या दिवसाइतका स्वतःचा राग मला कधीच आला नाही.

आई परत आली. पलंग रिकामा बघून ती त्यांना घरभर शोधू लागली. न्हाणीघर, स्वयंपाकघर, गॅलरी. कडी तर बाहेरून होती. पण घाबरलेल्या माणसाला कडीचा भरवसा वाटत नाही. आपण कडी लावलीच नव्हती, असं तिला वाटलं आणि ती तशीच खाली धावली. खालच्या इस्त्रीवाल्याला विचारताना तिचा आवाज मला खिडकीतून ऐकू येत होता. "पाहिलंत का हो यांना? पांढरा शर्ट आहे." मी 'ते इथे आहेत' म्हणून ओरडू शकत नव्हतो. ती त्यांना शोधत त्यांच्यापासून लांब लांब जात होती.

तीन-चार गल्ल्या पालथ्या घालून ती वर आली. ती पलंगाच्या कडेवर बसली. लेकीला फोन लावायला तिने फोन हातात घेतला. खोली एकदम शांत झाली. आणि त्या शांततेत आतल्या दांडीवर हँगर किंचित वाजले.

आई उठली. तिने मूठ धरून दार ओढलं. मूठच हातात आली. स्वयंपाकघरातून तिने जाड सुरी आणली, फटीत घातली आणि सगळा जीव एकवटून पिळली. माझी कड वीतभर चिरली. दुखलं, पण मला त्या दुखण्याचं काही वाटलं नाही. दार उघडलं. बाबा घामाने निथळत होते, चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"ही भट्टी पेटत नाही," ते म्हणाले. "मालकाला सांग."

"सांगते," आई म्हणाली. ती तिथेच जमिनीवर बसली आणि त्यांचं डोकं तिने छातीशी घेतलं. "सांगते हं. तुम्ही आधी बाहेर या."

संध्याकाळी लेक आली. ऐकून ती रागाने लाल झाली. "उद्याच्या उद्या हे धूड उखडून टाकायचं," ती म्हणाली. "याने बाबांचा जीव घेतला असता!" ती खोटं बोलत नव्हती.

"उखडू," आई म्हणाली. "पण आधी त्या बाईंना विचारू."

बाई आता वयस्क झाल्या होत्या. जिना चढून आल्यावर आधी पलंगावर टेकल्या. मग खोकं बाजूला करून त्या जमिनीवर वाकल्या, चिकटपट्टी सोलली आणि कागदाचे सहा बोळे बाहेर काढून ओळीने ठेवले. ते ओलसर, काळे पडले होते. लेकीचा चेहरा उतरला. "मीच घातले होते," ती म्हणाली. तिचं उखडण्याचं बोलणं तिथेच थांबलं.

"माझंही चुकलं," बाई म्हणाल्या. "मी यांचा खांदा मोजला. पण ते म्हातारे होतील, हे काही मोजलं नाही."

त्यांनी बाबांना पलंगावर बसवलं आणि ते कुठे बघतात, हात कुठे नेतात, ते तासभर नुसतं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पाठवलेल्या नव्या मिस्त्रींनी बाबांच्या कप्प्याचं दार काढून टाकलं. आत दिवा बसवला. छातीच्या उंचीला एक फळी लावली. तिच्यावर एका दिवसाचेच कपडे ठेवायचे: डावीकडून आधी बनियन, मग शर्ट, मग विजार, शेवटी मोजे. बाकीचे सगळे आईच्या दाराआड. पाठीमागची बुरशी खरवडून मला दोन दिवस पंख्याखाली वाळवलं. माझ्या चिरलेल्या कडेला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. व्रण दिसतो, दिसू दे.

तिसऱ्या सकाळी आईला जाग आली तेव्हा बाबा समोर उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, पण सगळं अंगावर होतं आणि जिथल्या तिथे होतं.

"कुठं जायचंय आपल्याला?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही."

"मग मला एवढं नटवलं कुणी?"

आई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि बाबाही, कशाला ते न कळता, हसले. कित्येक महिन्यांत त्या खोलीत मी हसू ऐकलं नव्हतं.

मित्रांनो, बाबा बरे होणार नाहीत. काही दिवसांनी ती फळीही त्यांना ओळखू येणार नाही, हे मला माहीत आहे आणि आईलाही. पण सकाळची पंधरा-वीस मिनिटं तिला मिळाली आहेत. आता लेक रविवारी येऊन राहते, आणि आई त्या दिवशी दुपारभर आडवी होते.

तुमच्या घरात एखादं दार करकरायला लागलं, तर त्याला लाथ मारून पुढे जाऊ नका. वाकून बघा, कुठे ओल आहे, कुठला वारा कोंडला आहे. आणि घरातलं एखादं माणूस घड्या घालता घालता उभ्याने डोळे मिटत असेल, तर त्याच्या हातातली चादर आपल्या हातात घ्या. 'एकदा बघू' म्हणू नका. मी त्या शब्दाने पाच वर्षं फुगलो.

आज रविवार आहे. आई आत्ताच झोपली आहे. जाताना खोलीचं दार हळू लावा.