हंड्याच्या खाचराच्या पूर्वेला

माधवीने छापलेल्या कागदावर स्टीलची पट्टी ठेवली आणि सत्तेचाळिसाव्या पानाचा कडेचा रकाना मोजला. चौतीस मिलिमीटर. उजवं पान, म्हणून रकाना उजवीकडे. पान उलटलं. अठ्ठेचाळिसावं डावं, रकाना डावीकडे, तिथेही चौतीस. पुस्तक माणूस अंगठ्याने बाहेरच्या कडेकडूनच चाळतो, त्यामुळे शोधायचं ते कडेलाच सापडलं पाहिजे, हा तिचा हट्ट. तळेगावच्या छापखान्यात सव्वीस वर्षं तिने हाच हट्ट चालवला. छापखाना बंद पडला, हट्ट मात्र ती लोणावळ्याला घरी घेऊन आली.

पुस्तक उर्से गावच्या रखमाजी आबांचं होतं. गावच्या शिवारातल्या प्रत्येक शेताला नाव होतं आणि ती नावं आता एकट्या आबांनाच पाठ होती. निम्मी शेतं हायवेखाली आणि कारखान्यांच्या कुंपणात गेलेली. एका पानावर एक शेत. मधल्या मजकुरात त्याची हकिगत, कडेच्या रकान्यात नाव, पीक आणि चारी बाजूंना काय काय आहे ते.

गणपतीच्या सुमाराला आबांना एक विसरलेलं शेत आठवलं आणि ते मध्येच घालायचं ठरलं. माधवी सहज बोलून गेली होती, "आबा, मध्ये एक पान आलं की पुढचं प्रत्येक उजवं पान डावं होतं. रकाने सगळे आत, शिवणीत जातात."

"मंग लय काम पडलं की तुमाला! किती दिस लागत्याल?"

खरं तर कॉम्प्युटर ते रकाने आपले आपण बाहेर सरकवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. ती तसं सांगणारच होती, तेवढ्यात आबा म्हणाले, "रोज च्यार वाजता फोन करून इचारतो, कुटवर आलंय ते."

"चार दिवस लागतील," माधवी म्हणाली.

आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. बहीण पुण्यात, तिचा संसार तिला पुरून उरलेला. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, तोही न बोलता. अशात रोज चार वाजता कुणीतरी 'ताई, कुटवर आलं?' म्हणून विचारणार, हे तिला सोडवेना. खोटं बोलल्याची लाज वाटली, नाही असं नाही. पण चार वाजले की ती लाज कुठल्या कुठे जायची. शिवाय आबांना दर पंधरवड्याला नवं शेत आठवत होतं. त्याला ती काय करणार?

आज मात्र छपाईआधीचं शेवटचं तपासणं होतं. मजकूर सोडून ती नुसते रकाने वाचत चालली होती. सत्तेचाळीस, वाकडं खाचर. पूर्वेला ओढा. अठ्ठेचाळीस, हंड्याचं खाचर. पश्चिमेला वाकडं, पूर्वेला म्हसोबाचं. एकोणपन्नास, म्हसोबाचं. पश्चिमेला ओढा.

ती थबकली. वाकडं आणि म्हसोबाचं यांच्या मध्ये नुसता ओढा होता. मग हंड्याचं खाचर बसलं कुठे?

तिने पाठकोऱ्या कागदावर शिवार काढायला घेतलं. तासाभरात कागद भरला आणि सात शेतं हातात उरली. त्यांना कुठेच जागा नव्हती. सातही दिवाळीनंतर आलेली.

नसलेली शेतं आबांना दिसू लागली की काय? आईचंही असंच सुरू झालं होतं. नसलेल्या खोलीत कुणीतरी बसलंय म्हणायची. शेवटी माधवीलाच 'तुम्ही कुणाच्या?' असं विचारू लागली होती. चार वाजायची वाट न बघता तिने फोन लावला.

"आबा, हंड्याच्या खाचराच्या पूर्वेला काय आहे?"

"म्हसोबाचं."

"मग ओढा कुठे गेला?"

पलीकडे आबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.

"ताई, तुमी त्यो कडंचा रकाना वाचता व्हय? मला वाटलं, निस्ता सरळ बसवता."

"वाचते."

"न्हाईती ती खाचरं." आबांचा आवाज खाली गेला. "खरी शेतं दिवाळीतच सरली. पर पुस्तक पुरं झालं आसतं तर तुमचं-माजं बोलणं बी सरलं आसतं. ल्योक कामावर, सून कामावर. दिसभर हितं टीव्ही बोलतो, म्या ऐकतो. म्हून मंग रचली सात."

आबांची स्मरणशक्ती शाबूत होती. माधवीला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

"काडून टाका ती," आबा म्हणाले. "खोटी जमीन नगं पुस्तकात. थोरल्यांची नावं हायत त्यात. माफी करा, ताई. तुमाला आता पुन्यांदा च्यार दिस काम."

फोन चालू ठेवूनच माधवीने कॉम्प्युटरवर सातही पानं शोधून काढून टाकली. पुढची पानं मागे सरकली, डावी उजवी झाली, आणि प्रत्येक रकाना आपली बाहेरची कड धरून गप उभा राहिला.

"झालं, आबा."

"काय झालं?"

"काढली. रकानेही बसले. याला चार दिवस कधीच लागत नव्हते. मी खोटं सांगत होते."

आबा रागावले असतील, तिला वाटलं. सहा महिने एका म्हाताऱ्या माणसाला फसवलं, रागावतीलच. फोन ठेवतील आणि पुस्तक न्यायला मुलाला पाठवतील. तिने कागदांची चळत उगाचच सारखी केली.

"मंग उद्या फोन कशापायी करायचा?" आबांनी विचारलं.

माधवीने चळत बाजूला ठेवली.

"जेवलात का, एवढं विचारायला करा."

"बरं." आबा म्हणाले. "मंग आत्ताच इचारतो. जेवलात का?"

साडेतीन वाजले होते. माधवीने ओट्याकडे पाहिलं. सकाळचा कुकर तसाच झाकलेला होता.

"नाही," ती म्हणाली.

"मंग वाडून घ्या. म्या हाय फोनवर."