कठड्यावरचं ऊन

मृणालीने ठरवलं होतं, येत्या रविवारी 'पाणीबारी' बंद करायची म्हणजे करायची. फार झालं लष्कराच्या भाकऱ्या भाजणं.

जळगावात पिंप्राळ्याला राहणारी, घरूनच कंपनीचं काम करणारी ही पोरगी. असोद्याला तिच्या मामांची विहीर चार भावांत सामाईक, आणि आज पाण्याची बारी कोणाची यावरून रोजची कटकट. म्हणून चार वर्षांपूर्वी तिने मोबाइलचं एक अ‍ॅप केलं, तीच ही 'पाणीबारी'. ज्याची बारी, त्याच्याच फोनवरून मोटार सुरू होणार. दुसऱ्याने कितीही बटणं दाबली तरी ढिम्म. कोड तिने सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही न्यावा, कोणीही सुधारावा, सुधारणा आत घ्यायची की नाही एवढंच तिच्या हातात.

पण दार उघडं ठेवलं की कोण कोण आत येतं, ते विचारूच नका. हे चालत नाही, ते दिसत नाही. एकाने तर लिहिलं, ताई, जमत नसेल तर करता कशाला? आभाराचा शब्द औषधालाही नाही. शेवटी तिने एक तयार उत्तर करून ठेवलं: फोन कोणता, आवृत्ती कोणती, स्क्रीनचे फोटो जोडा. ते चिकटवायचं आणि तक्रार बंद करून मोकळं व्हायचं.

बंद करण्याची सूचना तिने अ‍ॅपच्या पानावर टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी एक उत्तर आलं. लोटन नाना, शिंदखेडा. नाव ओळखीचं वाटलं म्हणून तिने मागचं काढून पाहिलं. वर्षापूर्वी याच नानांनी तीनदा एकच गोष्ट लिहिली होती: आमच्याकडे बारी रात्री बारा वाजता बदलत नाही, विहिरीच्या कठड्यावर ऊन पडलं की बदलते. तिन्ही वेळा मृणालीने तयार उत्तर चिकटवून तक्रार बंद केली होती. तारीख बाराला बदलते, मग बारीही बाराला बदलणार, यात सांगायचं काय? नळाच्या पाण्यावर वाढलेल्या पोरीला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

या वेळी नानांनी लिहिलं होतं, बंद करण्याआधी एवढं आत घ्या. सोबत वहीचे फोटो, कव्हरसकट. वर्षभराच्या तारखा, आणि प्रत्येकीपुढे सकाळची वेळ.

तिला हसूच आलं. सूर्योदयाची वेळ कोडच्या चार ओळींत निघते, आणि हे आजोबा वर्षभर लिहीत बसले! दया येऊन तिने त्या चार ओळी लिहिल्या आणि वहीशी ताडून पाहिल्या. एक दिवस जुळेल तर शपथ. कधी बारा मिनिटांचा फरक, कधी बावीस. मध्येच कुठे लिहिलेलं, 'ढग. कालचाच टाइम धरा.' आणि माघातल्या एका तारखेपुढे, 'मला ताप. मंदाने पाहिलं.'

हसू मावळलं. वहीच्या कव्हरवर फोन नंबर होता, तो तिने लावला, आणि सगळं कळलं.

नाना निवृत्त वायरमन. पुना आणि उखर्डू हे त्यांचे दोघे पुतणे, विहीर दोघांत एक. अ‍ॅप आलं आणि पहिल्याच रात्री बाराच्या ठोक्याला उखर्डूचं पाणी पुनाकडे गेलं. उखर्डू म्हणाला, भावानेच फोनमध्ये काहीतरी केलं. पुना म्हणाला, मला चोर म्हणतोस? बोलणं बंद, एकमेकांच्या दारात पाय ठेवेनात. तेव्हा नानांनी अ‍ॅपमधली आपोआप बारी बंद केली आणि स्वतः रोज पहाटे विहिरीवर जायला लागले. कठड्यावर ऊन पडलं की हाताने बटण दाबायचं, वेळ लिहायची. नागा नाही. लिहायचं कशाला, तर म्हणे त्या पोरीला कधीतरी लागेल.

मृणालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने ती शिंदखेड्याला उतरली. नानांच्या पत्नी मंदाबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा वाढला, जुनी ओळख असल्यासारखं आग्रहाने जेवू घातलं. ज्याला तीनदा हाकलून दिलं, त्याच्याच घरी हा पाहुणचार.

सकाळी ती नानांबरोबर विहिरीवर गेली. आभाळ कधीच उजळलं होतं, पण पूर्वेला टेकडी आडवी. दोघं थांबून राहिले. मग टेकडीच्या कडेवरून ऊन उतरलं, कठड्याच्या दगडावर आलं, आणि नानांनी बटण दाबलं.

"नाना, मी तुमचं ऐकूनच घेतलं नाही. चुकलं माझं."

"सूर्य बठ्ठास्ना, तुना नि मना, एकच शे, माय. पण आमना इहिरवर तो टेकडी वलांडीसन येस. तुले कसं मालूम पडी?"

नानांच्या ओट्यावर बसून तिने दुपारपर्यंत काम केलं. आता ज्याने त्याने आपल्या विहिरीची वेळ ठरवावी अशी सोय झाली, आणि नानांची सगळी वही आत गेली. अ‍ॅप घडवणाऱ्यांच्या यादीत आजवर एकच नाव होतं, तिचं. त्याच्या वर तिने लोटन नानांचं नाव घातलं आणि खाली मंदाबाईंचं, तापाच्या दिवसासाठी.

रविवार उजाडला. पिंप्राळ्यात चहाचा कप घेऊन तिने पान उघडलं, बंद करण्याची सूचना काढून टाकायला. तिथे एक नवी तक्रार येऊन पडली होती. मथळा, 'काही तक्रार नही'.

"आज मी इहिरवर गऊ, पण बटनले हात नही लावा. ऊन पडनं आनि बारी आपोआप बदलनी. पुना नि उखर्डू दोन्ही तठेच चहा पिनात. तुना उपकार शेतस, माय."

मृणालीने डोळे पुसले आणि लिहिलं, "उपकार तुमचेच, नाना." उत्तर दिलं की तक्रार बंद करायची हा तिचा चार वर्षांचा शिरस्ता. ही मात्र तिने आजतागायत उघडीच ठेवली आहे.