चोविसावा दात

मित्रांनो, या, पुढे या. सावलीत उभे राहा, माझ्याकडे हवं तेवढं बघा, पण त्या हँडलला हात लावू नका. आधी माझं ऐकून घ्या. माझं वय झालं आहे, म्हणून मी जरा जास्तच काळजी करते असं तुम्हाला वाटेल. वाटू दे.

मी यारी. तुम्ही क्रेन म्हणता ना, तीच, पण वीज नाही, इंजिन नाही, नुसती हाताने फिरवायची. जुन्या बंदराच्या धक्क्यावर, तीन नंबरच्या गोदामासमोर, मी शंभराहून जास्त वर्षं एका पायावर उभी आहे. माझा लांब हात पाण्याकडे झुकलेला आहे आणि त्याच्या टोकाला साखळीचा आकडा लोंबतो. उजव्या हँडलजवळ एक दातेरी चाक आहे, त्याला चोवीस दात. त्या दातांवर एक खटका बसतो. हँडल फिरवलं की खटका टक टक करत एकेक दात पुढे जातो आणि वजनाला मागे येऊ देत नाही. दम खायला माणसाने हँडल सोडलं, तरी पेटी हवेत राहते ती त्या खटक्याच्या जिवावर. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. तेव्हा या शहरावर परक्यांचं राज्य होतं आणि इथला माल भराभर जहाजात चढवायची त्यांना घाई होती. मला सुटी करून पेट्यांत भरून आणलं. इथल्या लोहारांनी मला जोडलं, तेव्हा एक बोल्ट उरला. तो कुठला, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. काळजी करायची सवय मला तेव्हापासूनच लागली असावी.

काम मात्र मी मरमर केलं. कापसाच्या गाठी उचलल्या, चहाच्या पेट्या उचलल्या, एकदा एक पियानो आणि एकदा भीतीने लाथा झाडणारी घोडी. परक्यांच्या राजाचा दगडी पुतळा बोटीतून मीच उतरवला. पुढे राज्य गेलं, तेव्हा तोच पुतळा मीच उचलून पडावात, म्हणजे मालाच्या होडीत ठेवला. वजन दोन्ही वेळा तेवढंच होतं, गर्दी मात्र दुसऱ्या वेळी जास्त होती.

माझी कामाची शेवटची तीस वर्षं एका मिस्त्रीच्या हाताखाली गेली. बुटका, तिरसट माणूस. माझ्याशी बोलायचा नाही, पण सकाळी आल्याबरोबर तेलाची बुधली घेऊन माझे सांधे न् सांधे तपासायचा. एका दुपारी मुकादमाने घाई केली आणि माझ्या ताकदीबाहेरचं यंत्र आकड्याला लावलं. वर जाता जाता माझ्या चाकाचा एक दात मोडला. खटक्याला पकडायला काही मिळालं नाही, वजनाने साखळी मागे ओढली, वेगात खटका बाकीच्या दातांवरूनही उडत गेला आणि हँडल भिंगरीसारखं उलटं फिरलं. मिस्त्रीचा जोडीदार हँडलवर होता. त्याचं मनगट गेलं ते कायमचं, पुन्हा त्या हाताने त्याला साधा पाण्याचा तांब्या उचलता आला नाही. मित्रांनो, दोष माझा नव्हता हे मला माहीत आहे. पण हँडल माझं होतं.

नवीन चाक मागवलंय, येतंच आहे, असं कचेरीतून सांगत राहिले. अकरा वर्षं ते येतच होतं. तोवर मिस्त्रीने आपला उपाय काढला. मोडक्या दाताच्या जागी त्याने चुन्याचा ठसठशीत पांढरा पट्टा ओढला. पट्टा खटक्याखाली आला की थांबायचं नाही, हँडल घट्ट धरायचं आणि पुढचा दात गाठायचा. खटक्याच्या आवाजाबरोबर तो तोंडातल्या तोंडात मोजायचा. तेवीस टक, मग एक मुका, तिथे मूठ आवळायची, मग पुन्हा एकपासून. पाऊस चुना धुऊन न्यायचा आणि तो रोज सकाळी नव्याने लावायचा. त्या पांढऱ्या खुणेवर मी अकरा वर्षं एकाच्याही केसाला धक्का लावला नाही.

मग मोठी जहाजं आली. त्यांना इथलं पाणी पुरेना. नवं बंदर लांब खाडीपलीकडे झालं, गोदामांना कुलपं लागली, मिस्त्री निवृत्त झाला. मी गंजले. माझ्या हातावर पाखरांनी बस्तान बसवलं आणि माझं काय केलं ते मी सांगत नाही. वर्षानुवर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आपल्याला भंगारात कधी नेतात, एवढीच काळजी उरली होती.

आणि एक दिवस माणसं आली. हातात नकाशे, डोक्यावर टोप्या. जुनं बंदर म्हणजे आपला वारसा आहे, म्हणाली. इथे पर्यटक येतील, गोदामात संग्रहालय होईल, कठड्याजवळ बाकं येतील, बंद पडलेल्या गल्लीला पुन्हा धंदा मिळेल. कुणीतरी माझ्या पायावर हात ठेवून म्हणालं, "काय सुंदर आहे हो ही." खोटं कशाला बोलू, मी विरघळले. इतक्या वर्षांत मला कामाची म्हटलं होतं, सुंदर कुणी म्हटलं नव्हतं.

रंगारी आला. मनापासून काम करणारा माणूस. त्याने गंज खरवडला, सांध्यांत तेल सोडलं. दातेरी चाकाशी आला आणि थबकला. इतक्या वर्षांचा चुना लोखंडात मुरला होता. "हा डाग काही निघत नाही," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने पॉलिश पेपर घेतला, घासघासून डाग काढला, तिथला खड्डा पुट्टीने बुजवला आणि वर चकचकीत काळ्या रंगाचे तीन हात मारले. मला ओरडता आलं असतं तर मी सगळं बंदर डोक्यावर घेतलं असतं. पण आम्हाला बोलता येत नाही, आम्हाला फक्त वाजता येतं, आणि तेसुद्धा कुणी फिरवलं तर.

पुढे माझ्याशेजारी पितळी अक्षरांची पाटी लागली. 'शंभर वर्षांत एकही अपघात नाही.' त्या मनगटाची आठवण येऊन मला शरमेने जमिनीत जावंसं वाटलं. त्याहून वाईट पुढे होतं. प्रकल्पाचे अधिकारी, सगळे त्यांना साहेब म्हणत, त्यांनी ठरवलं की आलेल्या पाहुण्यांनी स्वतः हँडल फिरवून पेटी उचलायची आणि पेटी हवेत असताना हात सोडून फोटो काढायचा. रिकामी पेटी वाऱ्यावर झुलते, म्हणून तिच्यात वाळूची पोती भरली. उद्घाटनाला शाळेची मुलं बोलावली, दोघादोघांनी हँडलवर यायचं. तुमच्याएवढीच मुलं. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

पर्यटकांना माहिती सांगायला एक बाई नेमल्या होत्या. मिस्त्रीची सूनच ती, मागच्या गल्लीत राहणारी. तीन महिने कामाची चाचणी होती, मग कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तिच्या नवऱ्याची बोट दोन वर्षं किनाऱ्याला पडून होती आणि घर आता तिच्याकडे बघत होतं. ती छापील कागद हातात घेऊन माझ्याभोवती फेऱ्या मारत पाठांतर करायची. 'एकही अपघात नाही' हे वाक्य ती फार छान म्हणायची.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. साहेबांनी बाह्या सारल्या आणि हँडल फिरवलं. टक, टक, टक. पेटी उचलली गेली. मी आपली देवाचा धावा करत होते. सूनबाई कागद वाचता वाचता मध्येच थांबली आणि तिची मान वळली.

"सर, पुन्हा एकदा फिरवता?"

साहेबांनी हौसेने फिरवलं. तिची बोटं आपोआप कागदावर वाजायला लागली. तेविसाव्या टकनंतर तिची मूठ मिटली आणि त्याच क्षणी मी मुकी झाले. ती स्वतःच्या मुठीकडे बघत राहिली.

"आमचे मामंजी घरी टेबलावर असंच वाजवतात," ती म्हणाली. "दिवसभर. तेवीस वेळा, मग मूठ आवळतात. आम्हाला वाटायचं, वय झालं, म्हणून चाळा लागलाय."

"अरे वा, हे पण सांगा उद्या पाहुण्यांना," साहेब म्हणाले, पेटी खाली उतरवून घेतली आणि खुर्च्या मोजायला गेले.

तिने तिथेच उभं राहून घरी फोन लावला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्याने बोलत होती आणि तिकडून तोही. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. इतक्या वर्षांनी त्याचा आवाज, तसाच तिरसट.

"चाकावर पांढरी खूण आहे का बघ."

"नाही मामंजी. सगळं काळं आहे. नवा रंग दिलाय."

तो म्हणाला, "मला बोलवायचं होतं गं कुणीतरी. खरवड तो रंग. आणि उद्या तिथे कुणालाही हात लावू देऊ नकोस."

ती साहेबांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, माणूस वाईट नव्हता. पण उद्घाटनाच्या तयारीत त्यांच्याही नाकी नऊ आले होते. तज्ज्ञांनी तपासलंय, म्हणाले. उद्घाटन होऊ दे, मग परत बघू, म्हणाले. आणि जाता जाता, "चाचणी चालू आहे तुमची, जरा जपून," असंही म्हणाले. तिचा चेहरा उतरला. ती पर्स उचलून घरी निघाली, तेव्हा मला वाटलं, संपलं. तिला तरी काय बोल लावणार? घरचं माणूस किनाऱ्याला बसलेलं असताना मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, देव जाणे.

सकाळी पाहुणे यायला तासभर असताना ती आली. पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि माझ्या चाकाचा कोरा करकरीत रंग खरवडायला लागली. तीन ओरखडे चुकीच्या जागी पडले. साहेब धावतच आले.

"अहो, काय करताय हे? वेड लागलंय का?"

"सर, माझं काम गेलं तर गेलं. तुम्ही फक्त एकदा बघा."

रंगाखालून मोडक्या दाताचा खड्डा दिसला, लहान मुलाचा दात पडल्यावर दिसतो तसा. साहेब वाकून बघत राहिले. सूनबाईने सगळ्यांना लांब उभं केलं, पेटी वर घेतली, तो खड्डा खटक्याखाली आणला आणि माणसाच्या हाताच्या जागी झाडणाऱ्याच्या झाडूचा बांबू हँडलच्या वाटेत आडवा अडकवला. मग हात सोडून मागे उडी घेतली.

मी थांबले नाही. मला थांबता येत नाही. हँडल उलटं फिरलं, बांबू काडीसारखा मोडला, पेटी धाडकन फरशीवर आदळून वाळू सगळीकडे उडाली. फाटकाबाहेर शाळेची बस नुकतीच लागली होती. मुलांचा गलका आत येत होता. साहेब मोडक्या बांबूचा तुकडा हातात घेऊन उभे होते.

उद्घाटन झालं. माझ्या हँडलला साखळीकुलूप लावून आणि पाटीवरच्या त्या ओळीवर कागद चिकटवून झालं. मुलं हिरमुसली. मग सूनबाईने हातातला छापील कागद घडी करून ठेवला आणि रात्री मामंजींकडून ऐकलेली त्या मनगटाची गोष्ट त्यांना सांगितली. एकेक मूल आपलं मनगट चाचपून बघायला लागलं.

तिच्या कामाचं काय झालं, विचारता? अजून कळलेलं नाही. रंग खराब केल्याचा कागद साहेबांनी वर पाठवला आणि अपघात टाळल्याचाही पाठवला. दोन्ही एकाच पाकिटात गेले. माझी काळजी चालूच आहे.

चार दिवसांनी मिस्त्री आला, सुनेचा हात धरून, काखेत चुन्याचा डबा. माझ्याभोवती एक फेरी मारली. "रंग बरा दिलाय," एवढंच म्हणाला. मग बोट चुन्यात बुडवून खूण ओढली. हात कापतो आता त्याचा, पट्टा वाकडा आला. पण माझा जीव भांड्यात पडला. रंगारी बाजूला उभा राहून बघत होता. त्याने मान खाली घातली होती. त्याची तरी काय चूक? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मित्रांनो, आम्हाला रंग द्या, पाट्या लावा, आमच्यासोबत फोटो काढा, आम्हाला आवडतं ते. पण त्याआधी ज्याने आम्हाला वापरलं त्या माणसाला शोधा. तो असेल कुठेतरी मागच्या गल्लीत, टेबलावर बोटं वाजवत बसलेला. त्याला चाळा लागलाय असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा. आणि लवकर विचारा.

कारण आता वर बघा, तीन नंबरच्या गोदामाच्या माथ्यावर. ती मोठी कप्पी दिसते ना, तिच्या पाळण्यातून पुढच्या महिन्यापासून पाहुण्यांना गच्चीवर नेणार आहेत. आज सकाळी रंगारी शिडी लावून तिच्यापाशी चढला आणि थांबला. खाली वाकून त्याने हाक मारली, "ताई, इथे एक तांबडा डाग आहे. पुसू का?"

सूनबाईने मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, त्या कप्पीवर दुसराच माणूस होता, तो जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्याने कुणाला काही सांगितलं असेल असं वाटत नाही.

ती अजून खाली उभी आहे, मान वर करून. रंगाऱ्याने अजून पुसलेलं नाही.