कागदाचा शुभ्रपणा

हार्लेम शहराबाहेर वाळूच्या टेकड्यांखाली आमची कुरणे आहेत. लिननचे कापड ताकात भिजवून आम्ही तिथे गवतावर उन्हात पसरतो, तेव्हा ते शुभ्र होते. नातवंडांनी मला विसरू नये, म्हणून मी वाउटर चित्रकाराला या कुरणांचे आणि माझे चित्र काढायला सांगितले.

त्याने काळ्या खडूने काढून आणलेल्या चित्रात पाऊण कागदभर आभाळ होते. खाली कापडाच्या पट्ट्या, आणि त्यांच्याजवळ राईएवढी एक आकृती.

"ही मी?"

"हो, बाईसाहेब. टेकडीवरून तुम्ही तेवढ्याच दिसता."

"घरात मात्र आभाळाएवढ्या दिसतात हो," माझी सून हिलेगोंड म्हणाली.

चित्र परत करायचे मी ठरवले. पण आमच्या घराण्यात कापड चाचपून, उजेडात धरल्याशिवाय कोणी नाकारत नाही. त्याच सवयीने मी कागद खिडकीशी धरला. चित्रातल्या कापडावर आणि ढगांच्या कडांवर खडूची एकही रेघ नव्हती. तिथे कागदच कोरा सोडला होता. आणि कागद तर लिननच्या चिंध्या कुटूनच होतो. कोणाची बाळोती, कोणाच्या लग्नातली चादर, कदाचित आमच्याच कुरणांवर उजळलेली, आता त्या आभाळात प्रकाश होऊन पसरली होती.

मी कागद तसाच उजेडात धरून ठेवला.

"तुम्हाला मोठे करून आणू का?" वाउटरने चाचरत विचारले.

"मुळीच नको. हिलेगोंड, मुलांना बोलाव. या आभाळाखाली त्यांची आजी कुठे आहे, ते त्यांना शोधू दे."