बोटांचा डाग

मी एक जुनी खंजिरी आहे. पण मित्रांनो, 'जुनी' म्हटले म्हणून हात जोडू नका. मला हात जोडणाऱ्यांचाच फार ताप झाला आहे. बोलायची मला सवय नाही. माझे काम दुसऱ्याच्या गाण्याला साथ द्यायचे. तरीही आज मी बोलणार आहे, कारण माझ्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे चुकीची सांगितली जाते.

माझे कडे शिवणीच्या लाकडाचे. हे लाकूड हलके असते आणि हात दुखू देत नाही. कड्याला खाचा पाडून त्यांत पितळी चकत्यांच्या जोड्या बसवल्या आणि तोंडावर बकरीचे कातडे ताणले. नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका खेड्यात, माळ्याच्या घरी मी आले. घर नत्थुजींचे होते. ते खंजिरी भजने रचत आणि गात. त्यांचा गळा खरोखर चांगला होता. मी हे नाकारणार नाही. त्यांनी 'आ' लावला की ओट्यावरची माणसे बिडी विझवत. आमच्याकडे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येते. 'नत्थू म्हणे' आले, की लोक माना डोलावत.

एकदा अकोल्याहून सप्ताहाचे बोलावणे आले. मंडळाकडे वाद्ये होतीच, म्हणून मला घरी ठेवून नत्थुजी गेले. तिथल्या मंडळाने त्यांना भरजरी गोंड्यांची नवी खंजिरी दिली, राहायला खोली दिली, हार घातले. सप्ताह संपला, पण नत्थुजी परतले नाहीत. आज येतील, उद्या येतील, असे म्हणता म्हणता लोकांनी विचारणेच सोडले. पुढे त्यांच्या भजनांच्या कॅसेट निघाल्या. त्यातले एक भजन फार गाजले. लेकरांना सांभाळा, घर हेच देऊळ, असे त्यात सांगितले होते. ते ऐकून बायका डोळे पुसत. ते भजन बाजारात लागले, की तिथे भाजी विकणाऱ्या कौशल्याबाई, म्हणजे त्यांची बायको, मेथीच्या जुड्यांवर जरा जास्तच जोरात पाणी मारत.

मी खुंटीवर राहिले. कौशल्याबाईंनी मला चुलीच्या अंगाला टांगले, म्हणजे कातड्याला कसर लागू नये. त्या वाजवत नसत. पण सांभाळत होत्या.

त्यांचा मुलगा नितेश मला चोरून काढायचा. श्रावणात हवा ओली झाली, की आमचे कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. मग जाळासमोर शेकावे लागते. किती अंतरावर धरायचे हे शिकवायला त्याला कोणी नव्हते. त्याने मला अगदी विस्तवाला लावले. कातडे तडकले, आणि तो आवाज ऐकून पोराचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा आले तं काय म्हणतीन?" तो रडत म्हणाला.

कौशल्याबाई भाकरी थापत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "ज्याले यायचं असते, तो खंजिरी पाहाले येत नाई, लेकराले पाहाले येते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मेथीच्या टोपलीत मला खाली ठेवून त्यांनी अमरावतीला नेले आणि नवे कातडे चढवून आणले. कितीतरी दिवस मला मेथीचा वास येत होता.

त्यानंतर माझ्यावर जी थाप पडली, ती फक्त नितेशची. शेकताना किती लांब धरायचे, हेही त्याला हळूहळू कळले. नव्या कातड्यावर, बोटे पडतात तिथे, आधी पिवळट आणि मग काळा डाग उमटला. मला तो डाग आवडतो.

नितेश मोठा झाला. अमरावतीच्या राजापेठेत एका क्लासमध्ये तो मुलांना गाणे शिकवू लागला. बोलावणे आले तिथे तो गायचाही. पण कोणीच त्याचे नाव घेत नसे. नत्थुजींचा पोरगा आला, एवढेच म्हणत. चांगले गायला तर बापाचा गळा, बेसूर झाला तर बाप तो बाप. पोराच्या वाट्याला काहीच येत नव्हते. त्याने स्वतः भजने रचली होती, ती कोणी मागितली नाहीत.

गेल्या वर्षी अकोल्यात नत्थुजी वारले. वर्षश्राद्धाच्या आधी मंडळाचे प्रमुख किसनराव गाडी घेऊन घरी आले. मंडळाच्या सभागृहात त्यांनी काचेचे कपाट केले होते. नत्थुजींची पहिली खंजिरी त्यात कायमची ठेवायची आणि त्यांच्या गादीवर नितेशने बसायचे, असे त्यांनी मोठ्या मायेने सांगितले. अट एकच. भजने नत्थुजींची आणि शेवटी नाव नत्थुजींचेच. मग त्यांनी मला उचलले, डाग पाहिला आणि त्यावर कपाळ टेकले.

"वहिनी, नत्थुजींची बोटं उमटून राहिली इथं," ते म्हणाले.

कौशल्याबाईंनी मुलाकडे पाहिले. मुलगा जमिनीकडे पाहत होता. मला ओरडावेसे वाटले. पण आम्हाला कोणी थाप मारल्याशिवाय आवाज फुटत नाही.

नितेशला दोष देऊ नका. ती गादी म्हणजे भरलेले सभागृह, मोठा मंच, गावोगावची बोलावणी. जन्मभर ज्यासाठी तरफडला, ते ताटात वाढून आले होते. तो येतो म्हणाला.

अकोल्याच्या त्या सभागृहात मला मखमलीवर ठेवले. कपाटाचे दार उघडे होते. लोक रांगेने येऊन डागाला बोट लावत आणि ते बोट कपाळाला नेत. एका आजोबांनी नातवाला सांगितले, की पाहा, महाराजांचा हात. माझ्यासारख्या साध्या वस्तूला कधी इतका मान मिळाला नसेल, आणि मला कधी इतकी लाज वाटली नव्हती. दार लागले, की मी मुकी होणार होते. नितेशची सगळी वर्षे माझ्याबरोबर काचेआड जाणार होती, तीही दुसऱ्याच्या नावावर.

किसनरावांनी नितेशला गायला बोलावले आणि नवी खंजिरी पुढे केली. नितेशने ती घेतली नाही. तो कपाटाकडे आला आणि त्याने मला बाहेर काढले.

"अरे, नको वाजवू. जुनं चामडं हाय, फाटीन," किसनराव म्हणाले.

"काका, हे चामडं माह्या बापानं पाह्यलंसुदा नाई," नितेश म्हणाला. मला घेऊन तो माइकसमोर उभा होता. "त्याईचं चामडं माह्याच हातानं जळलं, लहानपणी. हे मायनं चढवून आणलं. हा डाग माहा हाय."

सभागृहात कुजबुज झाली. रांगेतल्या काहींनी आपले कपाळ चाचपले.

"मंग आतापर्यंत आमी कोणाले नमस्कार करून राहिलो?" किसनरावांनी विचारले. त्यांचा राग खरा होता आणि दुःखही खरे होते.

पुढच्या रांगेतून कौशल्याबाई म्हणाल्या, "वाजवणाऱ्याले, भाऊजी."

नितेशने मला मंचावरच्या मोठ्या दिव्यासमोर धरले. फार जवळ नाही, फार लांबही नाही. कातडे ताणले गेले. मग त्याने थाप दिली, आणि मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी वाजले नव्हते. त्याने स्वतःचे भजन घेतले. गळा बापाचा होता, तो त्याने लपवला नाही. शेवटचे कडवे आले:

पहाटेची जुडी बांधे, तीच माझी पोथी खरी,
कौशल्येचा नितेश सांगे, देव बसला बाजारी.

बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव कोणी ऐकले नव्हते. निम्मे लोक उठून गेले. उरलेल्यांपैकी काहींनी ताल धरला. गादी अर्थातच मिळाली नाही. किसनरावांनी रिकामे कपाट बंद केले आणि आम्ही एसटीने परत आलो. कौशल्याबाईंनी मला मांडीवर घेतले होते. बाजारात त्या टोपली धरतात, तसेच.

आता मी राजापेठेतल्या त्या क्लासात असते. मोठी बोलावणी अजून आलेली नाहीत. येतील की नाही, मला ठाऊक नाही. पण परवा एका गावाहून फोन आला, आणि त्यांनी नितेश आहे का, असे विचारले. नुसते नितेश.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाचे वाद्य खुंटीवर असेल, तर त्याला कसर लागू देऊ नका. ऊन दाखवा. शेकताना अंतर सांभाळा. पण त्याची पूजा करून त्याला मुके करू नका. ते खाली काढा आणि वाजवा. सुरुवातीला चुकेल, एखादे कातडेही फाटेल. फाटू द्या, नवे चढवता येते. आणि कोणी विचारले, हे कोणाचे, तर गेलेल्याचे नाव सांगायची घाई करू नका.

माझ्यावरचा डाग अजून वाढतो आहे.